यंत्र क्रमांक ४१७

साकीनाक्याला सातव्या मजल्यावर
माझ्या ताब्यात सहाशे बेचाळीस फोन आहेत.
एकही माझ्या हातात नाही.
ते हिंडतात लॅबच्या निळ्या पिशव्यांतून,
कुर्ल्याला, गोराईला, ॲन्टॉप हिलला,
उपाशी पोटी बसलेल्या माणसांच्या दारात,
आणि त्यांत काय असावं, काय नसावं
हे मी इथे बसून ठरवतो.

परवानगी यादीत नऊ ॲप.
नकाशा, हजेरी, पावती,
बारकोड वाचणारं, वगैरे.
उरलेलं सगळं जग करड्या अक्षरांत:
'तुमच्या प्रशासकाने हे बंद केले आहे.'
प्रशासक म्हणजे मी, निनाद खांबेटे.
डबा खाताना कुणी तसं म्हणत नाही.

कडक म्हणतात. म्हणोत.
मागच्या वर्षी विजेरीच्या एका ॲपनं,
नुसता उजेड पाडायचं काम त्याचं,
चारशे रुग्णांचे नंबर गुपचूप नेले.
कुणाला साखर, कुणाला दिवस गेलेत,
सगळं कुठल्या कुठे.
तेव्हापासून मी 'नाही' आधी टाइप करतो,
कारण नंतर वाचतो.

विनंती: भरती-ओहोटी दाखवणारं ॲप.
यंत्र ४१७. हेमांगी तांडेल, मढ.
कारण: 'लागतं.'
नाकारलं.
कारण: 'खूप लागतं.'
नाकारलं. वर्ग: हवामान आणि करमणूक.
तिसऱ्यांदा तिनं पन्नास अक्षरांची चौकट
काठोकाठ भरली:
'ओहोटीला तर लागत नाही धक्क्याला रक्त तापतं पेटीत सा'
आणि चौकट संपली.

'तर' मी आधी उभयान्वयी वाचलं.
जेवून आल्यावर कळलं, ती नाव आहे.
'सा' कळलं नाही.
साहेब? सांगू कुणाला?

मग ॲप उघडून तपासलं.
समुद्र कधी चढतो एवढं सांगायला
त्याला संपर्क हवे होते, माइक हवा होता, फोटो हवे होते.
भरतीला तिची फोनवही कशाला?
होकार देता येईना.

कुलूप लावलेल्या पडद्यावर
दोन ओळी लिहायची सोय असते मला,
'हरवल्यास संपर्क', एवढ्यासाठी.
बंदराचं कोष्टक शोधून मी ४१७ वर लिहिलं:
'भरती ६.१०
ओहोटी १२.२०'
असं अकरा दिवस.
नियमात बसत नव्हतं. बाहेरही नव्हतं;
ती जागा नियम लिहिताना मीच मोकळी सोडली होती.

बाराव्या दिवशी तिचा फोन.
'खांबेटेसाहेब, कालचं पान बघितलंत.
पाऊण तास मागे हाय तुमचा दर्या.'
ओरडली नाही. मागे इंजिन धडधडत होतं.
मग म्हणाली, सासऱ्यांच्या बोटांवर असायचं हे.
तिथीची पाऊणकी करायची, झालं.
अष्टमी? आठाचे सहा. सहाला भरती.
'अजून इचारते रोज. सांगतात पण.
कधी बरोबर येतं,
कधी तो आकडा जुन्या कुठल्या दिवसाचा असतो.'

चौकट मी दोनशे अक्षरांची केली.
मार्चमध्ये लेखापरीक्षक येतील,
४१७ वरचा मजकूर विचारतील.
काय सांगायचं ते ठरलेलं नाही.

हल्ली सकाळी आधी कॅन्टीनमध्ये जातो.
तिथे पालेकरांनी कुणालाही न विचारता
भिंतीत खिळा ठोकून दिनदर्शिका टांगलीय.
आज त्रयोदशी. तेराची पाऊणकी पावणेदहा.
कोष्टक म्हणतं, दहा अठरा.
मी कोष्टकाचं लिहितो. खोडतो.
मग दोन्ही लिहितो, खाली-वर.

दोनच ओळी मिळतात.
'हरवल्यास संपर्क' कुठे बसवायचं
ते उद्या बघू.