इतर

संध्याकाळची लाइन गेली की
मी गोचिड्या काढायला बसतो.
डब्याच्या झाकणात थोडं रॉकेल,
बॅटरी मान-खांद्यात धरलेली,
आणि चेअरमन पाय ताणून आडवा,
जशी काही मीटिंग संपली,
ठराव मंजूर, चहा झाला.

सोसायटीच्या गोदामामागे सापडला,
युरियाच्या रिकाम्या पोत्यात,
म्हणून हे नाव. नऊ वर्षं झाली.
खरे चेअरमन तीन बदलले,
हा बिनविरोध.

काखेतली एक गोचीड काही केल्या निघेना.
नखात धरली, ओढली.
त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
चावला नाही. फक्त पाहिलं.
मग कळलं, ती कातडीच्या आत आहे.

मी जळालेल्या मोटारी भरतो.
पंधरा वर्षं तांब्याची तार या बोटांतून गेली,
करपलेला वेढा अंधारातही लागतो हाताला.
म्हणून बोटांना थांबवता आलं नाही.
बरगडीवर दुसरी, तुरीएवढी, सरकते.
गळ्याखाली तिसरी, बोराएवढी.
मागच्या मांडीत चौथी.
ती सरकत नाही.

चुलीपुढून दुर्गानं विचारलं,
"किती निघाल्या?"
"चार," मी म्हणालो.

सकाळी कौसल्याबाई म्हणे,
"बिब्बा लावजो बाप्पा, जिरून जाते."
दामू म्हणे, "कुत्र्याले कायचा दवाखाना बे,
माह्या गोऱ्ह्याले नाही नेलं मी."
ऋतुजा काहीच म्हणाली नाही.
कंपासपेटीतली पट्टी आणून
एकेक गाठ मोजत बसली,
गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर,
मिलिमीटरमध्ये.

दिग्रसला गाडीवर, आम्हा दोघांच्या मधे,
कान वाऱ्यावर.
दवाखाना ढोरांचा. लोखंडी खोड्यात
म्हैस उभी, तिच्यासमोर
तो इतका लहान दिसला
की आणल्याची मलाच लाज वाटली.
रजिस्टरात रकाने गाईचे, बैलाचे, शेळीचे.
कंपाउंडरनं पेन खाली खाली नेला,
"इतर"पाशी खूण केली.
"नाव?"
"चेअरमन."
रांगेतली माणसं हसली. मीही हसलो.
तो शेपूट हलवत राहिला,
कुणीतरी नाव घेतलं म्हणून.

उईके मॅडमनी हातमोजे काढून ठेवले,
उघड्या बोटांनी चाचपलं, डोळे मिटून.
"तीन चरबीच्या वाटतात."
चौथीवर बोट थांबलं.
मी ते थांबणं ओळखतो.
गिऱ्हाइकाला खर्च सांगायच्या आधी
माझंही असंच थांबतं.

सुईनं थेंबभर ओढलं, काचेवर पसरलं.
नागपूरला जाईल. आठ-दहा दिवस.

आज सहावा.
रात्री बाराला शेतीची लाइन येते,
पंप घुरघुरतात,
हा भुंकत जातो धुऱ्यापर्यंत
हरभऱ्यातल्या डुकरांवर,
आणि ओल्या पायांनी परत येऊन
माझ्या खाटेखाली पडतो.
मी हात खाली सोडतो.
तीन गाठींवरून बोटं फिरवतो,
चौथीकडे जात नाही.

तोच जरासा सरकतो,
मांडी आणून हाताखाली ठेवतो,
खाजव म्हणून.