हद्दीची खूण

मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली.
दगड दिसला की आधी खूण शोधतो,
मग सावली.
म्हणून फोटो माझ्याकडं आला,
केवळाआत्याच्या ट्रंकेतून,
जाड पुठ्ठ्यावर डकवलेला,
एक कोपरा कसरीनं खाल्लेला.

कोंडाबाई उभी. कडेवर माझा आजा,
हलल्यामुळं त्याला तोंड नाही.
मागं दगड, चौकोनी, वर निमुळता.
तिचा उजवा हात दगडावर,
देवाला लावतात तसा नाही,
तवा तापला का बघतात तसा.
बोटांच्या वर एक खूण:
छपरासारखी, दोन रेघा माथ्याला टेकलेल्या.

घरात मतं होती.
दीपमाळ हाय, आत्या म्हणाली,
नवस फेडाया गेली असंल.
धाकटा म्हणाला, कुणाची तरी समाधी.
मी म्हणालो, हद्दीचा दगड.
अशी खूण आम्ही करतो, बाणासारखी.
शिवेवर उभं राहून कोण फोटो काढतं
हे कुणी विचारलं नाही. मीही.

दोन उन्हाळे शिवा धुंडाळल्या.
घाटनांदूर, लोखंडी, वरचा डोंगर.
निवडुंगात धोतर फाटलं,
एका माळावर कुत्री लागली मागं.

मग अंबाजोगाईत, तहसिलीसमोर,
गौसोद्दीन भेटले.
जुने खासरे वाचून देतात, पानाला वीस रुपये.
अर्ध्या तालुक्याची जमीन
त्यांच्या तोंडून उर्दूतली मराठीत येते.
फोटो त्यांनी दूर धरला, जवळ धरला,
चष्मा पुसला.
साब, ये निशान नहीं.
हा आठ आहे.
आमच्यात आठ असाच लिहितात.

रिसाला होता तेव्हा गाव मोमिनाबाद.
छावणीच्या उतारावर, पिठाच्या गिरणीमागं,
दगड होता.
शेळी बांधलेली, माथ्यावर पीठ बसलेलं.
डांबरावर डांबर चढून रस्ता वर आलेला,
तिच्या छातीशी असलेला आठ
माझ्या गुडघ्याखाली.
मी टेप लावला. सवय.
अडीच फूट आणि वर दोन बोटं.

गौसोद्दीन उकिडवे बसले,
गवत सारून वाचू लागले:
या ठिकाणाहून लढाईवर गेले एकशे बारा.
परत आले नाहीत, आठ.
पुढं?
पुढं काही नाही.
नावं?
नावां नहीं लिखे, साब.

लिंबाजी घोड्यांना दाणा घालायचा.
बंदूक त्याच्या हातात कधी होती का, ठाऊक नाही.
बसऱ्याला गेला, एवढंच घरात उरलं.
बसरा म्हणजे विसरा, आजा म्हणायचा,
आणि पान जुळवायचा.

कोंडाबाईला मराठी वाचता येत नव्हतं,
उर्दू तर नाहीच.
कुणीतरी तिचं बोट धरून दाखवलं असणार:
हे बघ बाई, ह्यात हाय त्यो.
आणि तिनं हात लावून पाहिला असणार
गरम आहे का.

मी जन्मभर हिस्से पाडले.
आठातला एक म्हणजे दोन आणे.
सहहिस्सेदार सात,
राहणार कुठले, नोंद नाही.

रात्री आत्याला फोन केला. सगळं सांगितलं,
टेपाचंही.
ती बराच वेळ गप्प. मागं तिच्या घरी कुकरची शिट्टी.
मग म्हणाली,
मंग ते कोपर कुणाचं?

फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर आहे.
आम्हाला लहानपणापासून माहीत,
फोटोवाल्याचं असंल, कुणी शेजारीण असंल,
चौकटीत आलं नाही ते आलं नाही.
उठून भिंग काढलं.
बिनबांगडीचा हात,
तोही
दगडाकडं चाललेला.