तोळा

विट्यात रात्री यंत्रमाग थांबत नाहीत.
त्यांच्या खटखटीत माझा बिल्ड चालतो
सात यंत्रांवर, सगळी परगावची,
एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
लिनक्सवर हिरवं. मॅकवर हिरवं.
विंडोजवर लाल,
एकशे त्रेचाळिसाव्या चाचणीला,
काल होतं तिथंच.

आठवडाभर मी बारीकसारीक वेचतेय.
कुणी फाइलीचं नाव मोठ्या अक्षरात ठेवलं,
हाक मारली लहान अक्षरात;
मॅकनं ओ दिली, लिनक्स गप्प.
कुठं ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर,
लुगड्यात अडकलेल्या कुसळासारखं.
ते सगळं निघालं.
हे निघेना:
मोठ्या फाइलीत चार गिगाबाइटवर जा म्हटलं
की विंडोज पहिल्याच अक्षरावर उभं,
जणू गेलंच नव्हतं कुठं.

आप्पा पाणी प्यायला उठले.
मदुराईत एकतीस वर्षं गलाई केली त्यांनी,
तेजाबाचा पिवळेपणा बोटांवरून गेला,
नखांच्या कडांना अजून आहे असं मला वाटतं.
"काय अडलंय, वैजू?"
सांगितलं जमेल तसं:
मजकूर एकच, तीन गावांत नेला,
एका गावात बिघडतो.

खुर्ची ओढून बसले. स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही.
"पयल्या वर्सी हणमंता सुर्व्यानं मला लई झापलं.
गिऱ्हाईक म्हनलं, पाच पवन.
म्या वहीत लिवलं, पाच तोळं.
तितलं पवन आठ ग्रामाचं, आपला तोळा धाचा,
आन् आज्याच्या तराजूत तर साडेआकराच्या बी वर.
धा ग्राम सोनं पदरचं गेलं असतं.
शबूद वळखीचा असला की
मानूस वजन इचारत न्हाई बग."

मी त्यांच्याकडं बघत राहिले,
मग कोडकडं.
कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला 'लाँग'.
रोज वाचत होते, उंबऱ्यासारखा ओलांडत होते.
आमच्या यंत्रावर आठ बाइटांचा,
विंडोजवर चारच.
चार बाइटांत चार गिगाबाइट मावत नाहीत,
उतू जातात,
भांड्यात उरतं शून्य.

शब्द खोडला. त्या जागी दुसरा,
नावातच वजन कोरलेला: चौसष्ट.
एक्केचाळीस ठिकाणी.
शेवटच्या दोन ठिकाणी हात थरथरला,
कारण ती मीच लिहिली होती, मागच्या दिवाळीत.

आप्पा अजून बसलेले.
"ह्याचं पैसं किती देत्यात?"
काही नाही, म्हटलं. हे सगळ्यांचं असतं.
त्यांनी मान हलवली, नाराजीनं नाही,
हिशेब करताना हलवतात तशी.
"आमी दुकानातली झाडलोट बी गाळायचो.
पर घट ही व्हतीच.
तुमच्यात घट कुनाच्या खात्यावर टाकत्यात?"

बिल्ड चालू होता. मी तिकडं बघतेय असं दाखवलं.
लिनक्स हिरवं. मॅक हिरवं.
विंडोज,
थोडा वेळ घेऊन,
हिरवं.
आप्पा तांब्या झाकून झोपायला गेले.
पलीकडच्या शेडात कुणीतरी तुटलेला धागा जोडत असावं,
एक माग थांबला होता.
तेवढ्यात फ्रीबीएसडीवर लाल.