कळवतो

तिकडे संध्याकाळचे सात वाजतील
तेव्हा लोणखेडीत पहाटेचे साडेपाच.
हा हिशेब मी महिनाभर बोटांवर केला,
जणू तो चुकला तर निकालच बदलेल.

थंडी अशी की हातपंपाचा दांडा धरवत नाही.
बाबांनी रात्रीच सबस्टेशनला फोन केला होता:
"साडेपाच ते सहा आमच्या फीडरले हात लावू नका भाऊ,
पोट्टीचा पेपर हाय."
पेपर नाही बाबा, निकाल.
"तेच ते," म्हणाले,
आणि टेस्टर खिशाला अडकवून बसले,
खांबावर चढण्याआधी बसतात तसे.

अर्जात एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय.
यादी उघडली. वकील, सर्जन, वैमानिक, पाद्रीसुद्धा.
लाइनमन नव्हता.
मी "इतर"वर बोट ठेवलं.
त्याच रात्री वाऱ्यानं तार तुटली,
आणि इतर साहेब
दोन वाजता शिडी घेऊन निघाले.

निबंधाला साडेसहाशे शब्द.
माझे सहाशे एक्कावन्न झाले होते.
काढून टाकला तो शब्द कोणता
काही केल्या आठवत नाही.

मुलाखत पाण्याच्या टाकीवर चढून दिली,
गावात तिथंच रेंज धरते.
बाईंनी विचारलं, आमचंच विद्यापीठ का?
घाबरून तोंडून निघालं, "काऊन म्हंजे..."
त्या हसल्या.
ते हसणं चांगलं की वाईट,
यावर आईनं आणि मी आठवडा काढला.

पाच वाजून दहा.
लिमात लुसेरोकडे अजून कालचीच संध्याकाळ,
अदिस अबाबात योनासकडे रात्रीचे तीन.
आम्ही कधी भेटलो नाही,
उन्हाळ्यात गणिताच्या एका वर्गात
तीन चौकोनांत शेजारी बसायचो.
शंभरात चार घेतात म्हणे.
आम्ही एकमेकांना शुभेच्छा पाठवतो
आणि मनातल्या मनात
चारांतून तीन वजा करून बघतो.

बाहेर संत्र्याच्या गाड्या कोटिंग सेंटरकडे निघाल्यात.
दिवाळीच्या सुट्टीत तिथं काम केलंय मी.
फळं पट्ट्यावरून येतात, छिद्रांवरून घरंगळतात,
ज्या छिद्रातून पडतील तो त्यांचा भाव.
बारकी पडते ती चुरी, रसाच्या गाडीवाल्याची.
एकदा एक संत्रं
दोन मापांच्या मधल्या कडेवर अडकलं,
तिथंच थरथरत राहिलं
मी मशीन बंद करेपर्यंत.

साडेपाच.
पान फिरतंय.
अंगणातल्या चुलीपाशी आईची फुंकणी थांबली.
पान फिरतंय.

मग पत्र. लांब, गोड,
माझं नाव न चुकता लिहिलेलं, श्रावस्ती,
आणि मध्ये कुठंतरी:
आत्ता निर्णय देता येत नाही,
मार्चमध्ये तुमचा अर्ज पुन्हा वाचू.

"काय म्हणते वं?"
हो नाही म्हणत. नाही पण नाही म्हणत.
बाबांना काही उलगडेना.
"मंग लाइन चालू हाय का बंद?"

आई मात्र हातावरची राख झटकत आत आली.
"तुह्या मावशीले पाहाले मोर्शीची मंडळी आली होती.
पोहे खाल्ले, चिवडा बांधून नेला,
आन् दारात चपला घालता घालता म्हणे, कळवतो."
मग?
"मंग काय. तिनं डी.एड. केलं."

लुसेरोचं काहीच आलं नाही.
योनासनं नुसतं एक टिंब पाठवलं.
मी त्या टिंबाकडे बराच वेळ पाहिलं,
मग तेच परत पाठवलं.

सहाला लाइट गेली.
"अर्धाच तास सांगतला होता म्या,"
बाबा अपराध्यासारखे म्हणाले.
अंधारात तेवढं पत्र उजळत राहिलं.
ते बंद केलं.
बॅटरी चौदा टक्के होती,
आणि मार्च लांब.