मण्यांतलं हिरवं

कलिन्याच्या मंडईतली पालकाची जुडी
बर्फात वाटली, मलमलीतून गाळली, यंत्रात फिरवली.
नळीच्या तळाशी उरलं ते हिरवं,
पान नसलेलं.

मोकळं ठेवलं की दुपारीच दमतं.
म्हणून समुद्रशेवाळाच्या डिंकात कालवून
थेंब थेंब सोडते कॅल्शियमच्या पाण्यात.
साबुदाणा होतो.
"डांबलंस की गं," काचा विसळत सगुणामावशी.

नवव्या दिवशी दिवा लावला.
सुई हलली.
झाड नाही, मूळ नाही,
प्राणवायू येतोय.
मी उगीचच हळू बोलते.

मावशी वाकून बघतात.
नाल्याकाठचं घर तुटल्यापासून
माहुलला, चौथा मजला, एकच खिडकी.

"दिवा रोज लावतेस ना यांना?"
लावते.
"मग जगतील.
आमच्या खिडकीला समोरची भिंत आहे,"
म्हणत बादली उचलतात.