सहावा बोल्ट

पाच आले.
कुरकुरले थोडे, पण आले,
पत्र्याच्या झाकणात टणटण पडले.
सहावा ढिम्म.

ग्लेस बेचा मार्च. रस्त्यांवर अजून मीठ,
समुद्राचं हवेत आहेच, ते वेगळं.
केप ब्रेटनमध्ये गाड्या म्हाताऱ्या होत नाहीत,
खारवल्या जातात, खालून, मुकाट.

लॉकी खुर्चीत. गुडघ्यांवर घोंगडी,
घोंगडीखाली हात.
बाहेर काढले की थरथरतात,
म्हणून हल्ली तो तोंडानेच गाडी दुरुस्त करतो.
आणि मी, रोडा, वय सहासष्ट,
जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात डाव धरलेली,
चौदाचा पाना घेऊन
वॉटर पंपापुढे वाकलेली.

"जोर नको लावूस."
मग काय लावू?
"धीर लाव. आधी आवळ."
सोडवायचाय ना?
"केसभर आवळ. त्याला वाटू दे
आपण त्याच्याच बाजूचे."

आवळला. आट्यांच्या तोंडाशी तेल सोडलं,
चहा प्यायलो. डोक्यावर हातोडीच्या टिचक्या,
पुन्हा तेल, पुन्हा चहा.
मग ब्लो-टॉर्च. बोल्टला नाही, भोवतीच्या ॲल्युमिनियमला.
"घर तापव, आतला आपोआप ढिला होतो,"
खाणीत तीस वर्षं यंत्रं सोडवून मिळवलेलं शहाणपण.
आमच्या भांडणांत ते त्याने एकदाही वापरलं नाही.

वादळात वीज गेली होती तेव्हाची अर्धी मेणबत्ती
तापल्या लोखंडाला टेकवली.
मेणाचं पाणी झालं आणि आत गेलं,
आम्हा दोघांची नजर पोचत नव्हती तिथे.

तरी तसूभर नाही.

"कुठल्या गाढवाने आवळलाय हा?"
"तूच," मी म्हटलं, मान वर न करता.
"अकरा वर्षांपूर्वी. एडनाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी.
शर्ट मळेल म्हणून मी ओरडत होते."

तो गप्प.
मीही. पाना हातात तसाच.
गंज होता, मीठ होतं,
पण त्याखाली, आट्याआट्यांत पीळ घालून
तो उजवा हात बसला होता,
न थरथरणारा, जरा जास्तच आवळणारा,
लोणच्याची बरणी घरात दुसऱ्या कुणाला उघडू न देणारा.
अकरा हिवाळे त्याने पाणी थोपवून धरलं
आणि कुणाला सांगितलं नाही.

जुन्या पलंगाची नळी पान्यावर चढवली.
पाय रोवले.

कट्ट.

हा आवाज दोघांचा सारखाच असतो,
तुटलेल्याचा आणि सुटलेल्याचा.
लॉकी अर्धा उठला, घोंगडी जमिनीवर.
"बोल ना."
मी पाना हळूच फिरवला. फिरला.
लाल भुकटी गळली,
शिव्या देत देत तो वर आला,
अख्खा, गरम, कमरेत थोडा झिजलेला.

नवे सहा आणून ठेवलेच होते.
पहिले आटे बोटांनी लावायचे, पान्याने नाही.
"मी लावतो," तो म्हणाला.
बोल्ट भोकाच्या काठावर वाजत राहिला,
रात्री दारावर कुणी टकटक करावी तसा.
मी बॅटरी धरली.
चौथ्यांदा बसला की सातव्यांदा, ठाऊक नाही,
मी दुसरीकडे बघत होते.

जुना माझ्या एप्रनच्या खिशातच राहिला.
शनिवारी कपड्यांच्या मशीनमध्ये खडखडला.
"काय वाजतंय?" लॉकी वरून ओरडला.
म्हटलं, काही नाही,
नाणं असेल.