कडक बी

ओल्या कागदावर भेंडीचे शंभर दाणे,
गुंडाळी, रबर, तारीख.
एकविसाव्या दिवशी उलगडायचं आणि मोजायचं.
जालन्याच्या एमआयडीसीत नऊ वर्षं मी हेच करते:
किती उगवले, किती वाकडे, किती कुजले.

मार्चात अंतराची दुसरी सुई झाली.
भालेराव सिस्टरनी कार्डावर वजन लिहिलं, बीपी लिहिला,
पाळी विचारली.
म्हटलं, पाळी नाही, पण रडूच यायलंय,
कशाचं ते कळंना.
त्या म्हणाल्या, उन्हाळा हाय बाई, पाणी पीत जा.

पिते पाणी.
नळाला नवव्या दिवशी येतं ते.

शुद्धोधननं मोसंबी आणली,
सोलून पुढं ठेवली, फोडींवरचे पांढरे दोरेसुद्धा काढून.
यावर मी हसले असते पूर्वी, हे आठवलं.
नुसतं आठवलं.
रात्री सांची कुशीत शिरली
तर माझा हात तिच्या पाठीवर
दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून राहिला.
मम्मे, कामून गं अशी बघायलीस?

दुसरं लेकरू हवंय असं नाही.
तिच्या वेळचे टाके अजून थंडीत ओढतात.
ही सुई मीच मागितली.
भीतीशिवाय झोपायचं होतं मला,
आणि त्याच्या शेजारीच.
भीती गेली. झोपही गेली तिच्यामागं.

कधी वाटतं, सुईचं काही नाही, हे माझ्यातच होतं.
कधी वाटतं, एक एमएल पांढऱ्या औषधात
एवढी मी बुडते, तर होते तरी किती?

काल गुंडाळी उलगडली.
एक्क्याऐंशी उगवले. सहा वाकडे. चार कुजके.
उरले नऊ, टणक,
बोटानं दाबले तरी न दबणारे.
नव्या पोरीनं ते मेलेल्यांत टाकले.
थांब, म्हटलं, यांचा रकाना वेगळा.
कडक बी. जितं असतं,
पाणी आत घेत नाही इतकंच.

मग उगवतं का मॅडम कधी?

साल जरा खरवडली तर.
कधी नुसती वाट बघितली तरी.
बोलता बोलता माझाच आवाज
मला लई दिवसांनी ऐकू आला.

कार्डावर पुढची तारीख जूनची.
बीपीच्या बाजूला बोटभर जागा होती,
तिथं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय:
रडू. झोप नाही. मोसंबीची चव नाही.
सिस्टरना दाखवीन.
सुईचं अजून ठरलं नाही.